अंगठ्याएवढं

पुएर्तो मोंतच्या डॉक्टरीणबाईंनी
फेरीबोटीच्या पाठकोऱ्या तिकिटावर काढून दाखवलं.
मेंदूच्या खाली, मानेच्या वर,
अंगठ्याएवढं काहीतरी.
मस्तिष्कस्तंभ, त्या म्हणाल्या.
स्तंभ कसला,
आमच्या बेटावरच्या लसणाचं देठ याहून जाड असतं.

वरचं पेर डोळे फिरवतं, बाहुल्या लहानमोठ्या करतं.
मधल्याला पूलच म्हणतात,
चेहऱ्याची, कानाची, तोलाची ये-जा त्यावरून.
आणि खालच्या टोकाला त्यांनी पेन दाबून ठिपका दिला:
इथे श्वास. इथे ठोका.
गिळणं, खोकणं, उचकी, सगळं इथेच.
"हा कधी रजा घेत नाही,"
असं बोलून गेल्या,
मग मारिसेलकडे बघून टोपण लावत बसल्या पेनाला.

माझी लेक जागेपणी श्वास घेते.
धावते, चिडते, कुत्र्याशी भांडते,
शिंपले मोजताना चौदा हमखास गाळते.
झोपली की विसरते.
घसा घरघरत नाही, धडपड नाही,
छाती नुसती थांबते,
भरती संपून ओहोटी लागायच्या आधी
आमच्या खांबांखालचं पाणी थांबतं तशी.
ओठ निळे, आणि चेहरा असा निवांत
की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

अंगातल्या कुठल्याशा सूचनेत
एकच अक्षर पाचसहा वेळा जास्त गिरवलं गेलंय म्हणे.
मीही गिरवायचे वहीत.
बाईंनी कान पिळला होता, एवढंच.

तर रात्री मशीन तिच्या वतीनं आठवण ठेवतं.

ऑगस्टात उत्तरेचा वारा सुटला त्या रात्री
दहाच्या सुमाराला वीज गेली.
बॅटरीनं दोन तास काढले.
नवरा साल्मनच्या पिंजऱ्यांवर, फेरी बंद,
रस्त्यावर झाड.
मारिसेलला जागं ठेवलं: बटाटे सोलायला लावले,
खोटी खोटी कोडी घातली.
पण सात वर्षांचे डोळे,
एक वाजता सुरी हातातच राहिली.

दोन एलिओदोरो जनरेटर घेऊन आला.
तो सुरू झाला नाही. म्हातारा थांबला.
होड्या बांधणारे हात त्याचे,
रबरी फुग्यावर आधी फार जोरात पडले.
"हळू," मी म्हटलं. "लहान आहे."
"फटी बुजवताना असंच असतं," तो म्हणाला,
"घाई केली की पाणी शिरतं."
दाब. सोड. एक, दोन, तीन.
दाब.
पाळीपाळीनं, चुलीच्या उजेडात,
तिच्या ओठांचा रंग बघत.

तीनच्या पुढे कधीतरी
माझ्या पाळीत मला धाप लागली.
तिच्यासाठी दाबताना माझाच श्वास धरून बसले होते.
लक्ष दिलं तर अडखळला,
लक्ष काढलं तर चालू लागला.
तेव्हा कळलं,
माझ्या मानेच्या वर, अंधारात,
कुणी अनोळखी बाई एकेचाळीस वर्षं
हाच फुगा दाबत बसलीय.
मी तिला कधी चहासुद्धा विचारला नाही.

मधेच मारिसेलला उचकी लागली, झोपेतच.
एक. मग आणखी एक.
श्वास विसरणाऱ्या देठाला उचकी बरोबर आठवली!
"कोण काढतंय हिची आठवण या वेळी?" मी म्हटलं.
म्हातारा हसला, पण मोजणं सोडलं नाही.

पावणेसातला फ्रीज घुरघुरला.
मशीनचा हिरवा दिवा लागला.
मारिसेल उठली ती कुरकुरत, तोंड कोरडं पडलंय,
आणि माझी सुरी कुणी घेतली?
मी पाव कापला.
दोन एलिओदोरो मेजाशी बसला,
लोणी तसंच राहिलं.
त्याची उजवी मूठ
मेणकापडावर मिटत होती, उघडत होती,
त्याला ते माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.